अपघातात कोणाला लागलं नाही, मग घरात हे काय चाललंय?

पत्र थोडक्यात असं आहे. ताई ४१ वर्षांच्या, इंदूरला राजेंद्र नगरकडे राहतात, घरात मिस्टर, सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा. १२ दिवसांपूर्वी सगळे ओंकारेश्वरचं दर्शन करून परत येत होते, भेरूघाट चढताना समोरून उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक फेल झाले, त्यानं पुढच्या बाइकवाल्या मुलाला उडवलं आणि यांच्या गाडीला घासत गेला. गाडी कठड्याला धडकून थांबली, आतल्यांना थोडं खरचटलं तेवढंच. मिस्टर खाली उतरले आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो हॉस्पिटलला पोचायच्या आतच गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्टर ऑफिसला गेले. "मला काही झालं नाही" एवढंच म्हणतात. पण रात्री ३ वाजता उठून गॅलरीत उभे असतात, कुकरची शिटी झाली की दचकतात, मुलावर कधी आवाज चढवला नव्हता तो आता रोज चढतो, गाडीची किल्ली हातात घेत नाहीत, आणि परवा पुलावर एका टेम्पोच्या क्लचचा जळका वास आला तर घामाघूम होऊन कडेला बसले. पोलीस ठाण्यातून एकदा फोन आला होता, तेव्हापासून अनोळखी नंबर उचलत नाहीत. त्या दिवशीचा शर्ट पिशवीत गाठ मारून ठेवलाय, हात लावला की अंगावर येतात. पुण्याचे दीर गूगल करून म्हणतात पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार, झालाय. सासूबाई म्हणतात नजर लागली, आणि वरून "पुरुष माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये". ताईंची बहीण म्हणते एकदा समोर बसवून सगळं बोलायला लाव, रडू दे, मोकळे होतील. मेडिकलवाल्या भैयानं झोपेच्या गोळ्या दिल्यात. मुलगा दिवसभर खेळण्यातला ट्रक बाइकवर आपटत असतो आणि दोनदा झोपेत अंथरूण ओलं झालं.

ताईंचा प्रश्न, हे वेडे तर होत नाहीयेत ना, आणि मी काय करू. शेवटी लिहिलंय, "मला तर तेव्हा काहीच वाटलं नाही, सिनेमा बघत असल्यासारखी बघत होते, तो मुलगा तिकडे जात होता आणि मी सासूबाईंची चप्पल शोधत होते. इतकी कशी मी दगड. आताही झोप लागते, फक्त जेवणाची चव कळत नाही. असो, माझं सोडा, ह्यांचं सांगा."

ताई,

तुम्ही जे तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलंय त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. तुमचे मिस्टर वेडे होत नाहीयेत. तुम्ही जे जे लिहिलंय, ते ३ वाजता उठणं, दचकणं, चिडणं, किल्लीला हात न लावणं, वासानं घाम फुटणं, हे सगळं मोठ्या धक्क्यानंतरच्या पहिल्या दिवसांत खूप लोकांना होतं आणि त्यातल्या बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप कमी होत जातं. आपोआप म्हणजे घरच्यांनी थोडं सांभाळून घेतलं आणि उगाच नको ते केलं नाही तर.

आता तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य, "देवाच्या कृपेनं कोणाला काही झालं नाही". ताई, मला वाटतं घरातली निम्मी ओढाताण ह्या वाक्यामुळे आहे. प्लास्टर असतं तर सगळ्यांनी त्यांना महिनाभर हलू दिलं नसतं, वरण-भात हातात आणून दिला असता. काही तुटलेलं दिसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिस. पण एक अनोळखी मुलगा त्यांच्या मांडीवर गेला ना. स्वतःचा जीव जाता जाता वाचणं हा धक्का असतो आणि दुसऱ्याचा जाताना बघणं हाही धक्का असतो, डॉक्टर दोन्ही धरतात. जवळच्या माणसाबरोबर असं काही झालं हे नुसतं ऐकणं हेसुद्धा त्यात येतं. २०२३च्या रामनवमीला, ३० मार्चला, आपल्याकडे स्नेह नगरच्या मंदिरात बावडीवरची, म्हणजे जुन्या विहिरीवरची, फरशी खचून ३६ लोक गेले, त्यानंतर माझ्या ओळखीच्या एक काकू कितीतरी दिवस पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पाय ठेवेनात, आणि त्या दिवशी त्या तिथे नव्हत्या, त्यांची भिशीतली मैत्रीण होती. त्यांच्या घरचेही हेच म्हणायचे, तुला काय झालंय.

असं का होतं ते साध्या भाषेत सांगते कारण कारण कळलं की भीती जरा उतरते. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला, धोका दिसला की घंटा वाजवणं हे त्याचं काम. घंटा वाजली की ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हातापायांत रक्त धावतं, माणूस पळतो नाहीतर भिडतो नाहीतर जागच्या जागी थिजतो, विचार करायला वेळच नसतो आणि त्यानंच जीव वाचतो. अशा वेळी आठवण सरळ गोष्टीसारखी साठत नाही, तुकड्यांनी साठते, एक आवाज, एक वास, हाताला लागलेलं काहीतरी ओलं. आणि त्या तुकड्यांवर तारीख नसते. त्यामुळे १२ दिवसांनी पुलावर क्लच जळल्याचा वास आला तर डोक्याला माहीत असतं की आपण राजेंद्र नगरला आहोत, शरीर मात्र भेरूघाटात पोचलेलं असतं. घाम त्याचा. तो नाटक करून आणता येत नाही आणि "मनाला लावून घेऊ नका" म्हणून थांबवताही येत नाही, सासूबाईंना हे प्रेमानं सांगा.

ओळखायचं कसं, हे दुसऱ्या वाचकांसाठीही लिहिते. पाच बाजूंनी बघायचं. नको असताना तेच तेच डोळ्यांसमोर येतं का, स्वप्नात येतं का. आनंद, माया, कशाचंच काही वाटेनासं झालंय का. आपण स्वतःपासून लांब उभे आहोत, आजूबाजूचं खरं नाही असं वाटतं का, किंवा घटनेतला महत्त्वाचा भागच आठवत नाही असं होतं का. त्या जागेपासून, त्या विषयापासून, त्या माणसांपासून माणूस लांब पळतो का. आणि शरीर सतत तयारीत आहे का, झोप नाही, चिडचिड, दचकणं, लक्ष न लागणं, दाराकडे नजर. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या पुस्तकात अशी १४ लक्षणं दिलीत, त्यातली ९ किंवा जास्त असतील, घटनेनंतर ३ दिवस ते १ महिना ह्या काळात असतील आणि रोजचं जगणं अडत असेल तर त्याला ॲक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची यादी, जी जानेवारी २०२२पासून लागू आहे, तिच्यात तर पहिल्या दिवसांतल्या अशा प्रतिक्रियेला आजारात धरलेलंच नाही, भयंकर गोष्टीवर माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणून वेगळी ठेवलीय. तुम्ही वही घेऊन मिस्टरांच्या मागे लक्षणं मोजत फिरू नका ते डॉक्टरचं काम, तुम्ही फक्त हे बघा की आठवड्यागणिक उतार आहे की चढ.

आणि दिरांना सांगा, १२व्या दिवशी पीटीएसडी नसतो. ते नाव १९८०पासून डॉक्टरांच्या यादीत आहे आणि ते लावायला त्रास महिन्याच्या पुढे जावा लागतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले धडधाकट सैनिक थरथर कापायचे, बोलू शकायचे नाहीत, तेव्हा १९१५मध्ये चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं त्याला शेल शॉक म्हणून लिहिलं आणि लोकांना वाटलं तोफगोळ्यानं मेंदू हलला असेल, नाहीतर माणूस भित्रा असेल. शंभर वर्षं झाली तरी आपण घरात तेच दोन अंदाज करत असतो. दीर काळजीनंच बोलतायत, पण घरात मोठ्यानं तो शब्द वापरला की मिस्टरांना वाटेल आपल्यावर शिक्का बसला, मग ते अजून गप्प होतील.

बहिणीच्या सल्ल्याबद्दल मात्र मी जरा ठामपणे बोलणार आहे. समोर बसवून सगळं वदवून घेऊ नका. एक काळ होता की मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच लोकांना बसवायचे आणि काय बघितलं, काय वाटलं, सगळं एका बैठकीत सांगायला लावायचे, सगळ्यांना वाटायचं निचरा होईल. पुढे अभ्यास झाले तेव्हा त्यानं फायदा दिसला नाही, काहींचं तर उलट बिघडलं, त्यामुळे आता ते करू नका असंच सांगतात. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मानसिक प्रथमोपचारावर एक छोटी पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे, बघा, ऐका, जोडून द्या. माणसाला काय हवंय ते बघा, बोलला तर ऐका, आणि लागेल ती मदत मिळवून द्या. बोलता करा असं त्यात नाही.

मग रात्री ३ वाजता काय करायचं? पाण्याचा ग्लास घेऊन गॅलरीत जा आणि शेजारी उभ्या राहा. विचारू नका. "झोप येत नाही का" हेसुद्धा नको, ते दिसतंच आहे. ते बोलले तर अर्ध्या वाक्यावर थांबले तरी चालेल, "तुम्ही काय करू शकला असता" हा वाद घालू नका, कारण माझा अंदाज आहे त्यांच्या डोक्यात हेच चालू असेल की डोकं असं धरायला नको होतं, गाडीत घालून नेलं असतं तर, सिमरोलला चहाला थांबलो असतो तर. ह्याला उत्तर नसतं. एवढंच म्हणा की तो एकटा नव्हता, तुम्ही होतात. आणि ते फारच घाबरे झालेले दिसले तर चपला काढून थंड फरशीवर पाय टेकवायला सांगा, समोर काय काय दिसतंय ते म्हणायला लावा, तारेवरचा टॉवेल, समोरच्या बिल्डिंगचा दिवा, खाली झोपलेला कुत्रा, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. शरीराला कळायला लागतं की हे घर आहे, घाट नाही. त्यांना रामरक्षा पाठ असेल तर ती सावकाश म्हणू देत, पाठ असलेली लय अशा वेळी हाताशी असली तर बरं असतं.

त्या गोळ्या. भैयानं चांगल्या मनानं दिल्या असतील पण चिठ्ठीशिवाय दिलेली झोपेची गोळी घरात नको. अल्प्राझोलम वगैरे जो गट आहे, बेंझोडायझेपिन, तो धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ह्या त्रासासाठी देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३मध्येच सांगितलंय, आणि त्याची सवय लागते ते वेगळंच. रोज घेत असतील तर मनानं एकदम बंदही करू नका, डॉक्टरला दाखवून ठरवा. दारूचंही तेच, "एक पेग घेतला की झोप येते" हे सुरू झालं तर मला लगेच कळवा, म्हणजे मला नाही, डॉक्टरला. चहा संध्याकाळनंतर बंद, सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, आणि झोप नाही आली तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसलेलं बरं.

डॉक्टरवरून एक राहिलं आणि हे सगळ्यात आधी करा. गाडी कठड्याला धडकली तेव्हा कोणाचं डोकं कुठे आपटलं होतं का? डोक्याला मुका मार लागला तरी चिडचिड, झोप बिघडणं, लक्ष न लागणं हेच होतं, म्हणून फॅमिली डॉक्टरकडे चौघांनाही दाखवून या. आणि कोणाची डोकेदुखी वाढत जात असेल, उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, एका बाजूचा हात-पाय जड वाटत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

गाडीचं. किल्ली न घेणं आत्ता ठीक आहे, खरं तर इतक्या कमी झोपेवर त्यांनी गाडी चालवूच नये. पण हे असंच वर्षभर राहिलं तर भीती घट्ट बसते, म्हणजे टाळलं की बरं वाटतं, बरं वाटलं म्हणून पुन्हा टाळलं, असं. झोप थोडी सुधारली की एखाद्या रविवारी बंद गाडीत दोघं नुसते जाऊन बसा, गाणी लावा. मग तुमच्याबरोबर कॉलनीत एक फेरी, मग अन्नपूर्णापर्यंत, मग राऊपर्यंत. मध्ये घाम फुटला तर गाडी कडेला घेऊन थांबा, श्वास बसू द्या, आणि शक्यतो तिथूनच लगेच घरी पळून येऊ नका. भेरूघाट ह्या यादीत नाहीच सध्या. सासूबाईंनी "नर्मदामाईचं राहिलेलं करायला परत जाऊ" काढलं तर तुम्ही थांबवा.

ठाण्याच्या फोनची भीती त्यांना वाटते त्यापेक्षा लहान आहे. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं, अपघातात चांगल्या मनानं मदत करणाऱ्या माणसावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही असं ते सांगतं. मुलगा आपल्या हातात गेला म्हणून आपल्याला धरतील ही भीती बऱ्याच सरळ माणसांना असते, ती आधी काढा. पण तुमची गाडीही त्या अपघातात होती, इन्शुरन्सचंही असेल, त्यामुळे जबाब द्यावा लागू शकतो. तर फोन टाळण्यापेक्षा तुम्ही किंवा एखाद्या ओळखीच्या वकिलांनी उचलून वेळ ठरवावी, आणि त्या दिवशी त्यांना एकटं पाठवू नका, सगळं परत सांगताना परत दिसतं, ती रात्र जड जाईल हे धरून चाला.

मुलाला कोणी काही सांगितलंय का? पत्रात तसं काही नाही, मला वाटतं घरात सगळ्यांनी "त्याच्यासमोर विषय नको" असं ठरवलं असणार. ताई, तो गाडीत होता. तो ट्रक आपटतोय ते त्याचं बोलणं आहे, मुलं असंच बोलतात. ट्रक काढून घेऊ नका. शेजारी बसा, तोच म्हणाला ॲम्ब्युलन्स पाहिजे तर ॲम्ब्युलन्स द्या. त्याला खरं आणि छोटं सांगा, त्या दादाला खूप लागलं आणि तो वारला, बाबांनी त्याला मदत केली, आता बाबांना झोप येत नाही म्हणून ते चिडतात, तुझी काही चूक नाही. हे शेवटचं नक्की सांगा, कारण त्या वयात मुलांना वाटत असतं की मी मागे दंगा करत होतो म्हणून झालं. अंथरूण ओलं झालं तर रागवायचं नाही आणि पाहुण्यांसमोर तर अजिबात सांगायचं नाही. थोडे दिवस तुमच्याजवळ झोपू दे.

सासूबाईंना नजर काढू द्या हो. मीठ-मोहरी ओवाळल्यानं कोणाचं नुकसान होत नाही, त्याही त्याच गाडीत होत्या आणि त्यांना हातानं करण्यासारखं तेवढंच सुचतंय. फक्त त्यानंतर "आता उतरली, आता नीट व्हा" असं म्हणू नये.

आणि आता तुमचं. "माझं सोडा" म्हणालात, मी नाही सोडणार. तुम्ही सिनेमा बघत असल्यासारखं लिहिलंय ना, ते वर मी पाच बाजू सांगितल्या त्यातली तिसरी आहे. झेपणार नाही इतकं एकदम समोर आलं की मन थोडं मागे सरकतं, आवाज लांबून येतात, सगळं काचेपलीकडे वाटतं, आणि हात जे करता येण्यासारखं असेल ते करायला लागतात. ७० वर्षांची बाई अनवाणी उभी आहे, चप्पल शोधणं हे त्या रस्त्यावर करता येण्यासारखं काम होतं. दगड माणसं चप्पल शोधत नाहीत. आणि जेवणाची चव जाणं हेही काहीतरी सांगतंय. १२ दिवस तुम्ही डबे केलेत, मुलाच्या चादरी धुतल्यात, सगळ्यांचे सल्ले ऐकलेत, मला एवढं व्यवस्थित पत्र लिहिलंत. घर सांभाळणाऱ्या बाईचं कधी कधी उशिरा येतं, नवरा जरा सावरला की मग तिची झोप उडते, तेव्हा "आता सगळं ठीक असताना मला काय झालं" म्हणून स्वतःला बोल लावू नका. बहिणीला सांगा की मिस्टरांना बोलायला लावायच्या ऐवजी दोन दिवस येऊन स्वयंपाक कर.

डॉक्टरकडे कधी जायचं ते ऐका. कॅलेंडरवर अपघाताच्या तारखेपासून एक महिन्यावर खूण करा. तोवर उतार दिसत असेल, म्हणजे एखादी रात्र सलग झोप, एखादा दिवस न ओरडता, तर चालू द्या. त्या खुणेपर्यंत उतार नसेल तर मानसोपचार तज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ट्रॉमावर, म्हणजे अशा धक्क्यावर, काम करणारी सीबीटी असते (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी), ईएमडीआर असतं (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन केलेली थेरपी), त्यात तयारी करून हळूहळू त्या आठवणीकडे जातात, बहिणीच्या बैठकीसारखं नसतं ते. आणि खुणेची वाटच बघायची नाही जर सलग काही रात्री अजिबात झोप नसेल, जेवण सुटलं असेल, ऑफिसचं कामच होत नसेल, दारू सुरू झाली असेल, किंवा "त्याच्याऐवजी मी गेलो असतो तर" असं काही तोंडून निघालं तर. असं निघालं तर थेट विचारा, मरावंसं वाटतंय का, विचारल्यानं डोक्यात येत नाही, उलट माणसाला सांगायला जागा मिळते. मग त्यांना एकटं सोडू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. जीवाचाच प्रश्न असेल तर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर. आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की लोकांना एकदम बाणगंगाचं मानसिक रुग्णालय आठवतं आणि बोलणंच संपतं, तर मिस्टरांना "झोपेच्या डॉक्टरला दाखवू" म्हणून फसवून नेऊ नका, खरं सांगून न्या, त्यांचा तुमच्यावरचा विश्वास आत्ता फार जपायचाय.

तो शर्ट सासूबाई शनिवारी जाळायचं म्हणतायत असं तुम्ही लिहिलंय. शनिवारच्या आधी सासूबाईंशी बोला. त्या मुलाला मांडीवर घेतलं तेव्हा मिस्टरांच्या अंगात तोच शर्ट होता आणि तुमच्या मिस्टरांनी अजून ठरवलेलं नाही त्याचं काय करायचं, कदाचित नर्मदेवर न्यायचा असेल, कदाचित त्याच्या आईला भेटायचं मनात असेल, कदाचित एक दिवस स्वतःच धुवायला टाकतील. मिस्टरांना दुसरी एक स्वच्छ पिशवी द्या, त्यात ठेवा म्हणा, आणि कपाटात वरचा कप्पा रिकामा करून द्या.